थेट इंटरनेटवरून गेम होस्ट करणं आणि त्यात जोडणं: ओपनटीटीडीपासून सुरुवात

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर चालू आहे तोवर सगळं ठीक चालतं. ३१ मे २०१४ रोजी खेळाडूंना ऑनलाइन जोडून देणारी गेमस्पाय ही सेवा बंद झाली, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या कित्येक गेमांचा ऑनलाइन भाग ठप्प झाला. ज्या गेमांमध्ये मित्राच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तो ओळखायचा क्रमांक) टाकून थेट जोडायची सोय होती, ते मात्र खेळता येत राहिले. १९९६चा क्वेक आजही दोन माणसं एकमेकांचा पत्ता घेऊन खेळू शकतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. थेट जोडणी शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं ते यासाठी. गेम आपला, कॉम्प्युटर आपला, कुणाला आत घ्यायचं तेही आपणच ठरवायचं.

शिकायला मी ओपनटीटीडी सुचवतो. ख्रिस सॉयर यांच्या १९९५च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स या गेमवरून लुडविग स्ट्रीगियस यांनी २००४मध्ये तो पुन्हा घडवला (म्यूटोरेंट लिहिणारे तेच), आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो सांभाळत आले आहेत. रेल्वे, बस, जहाजं, विमानं चालवायची, गावं जोडायची, माल पोचवायचा, असा हा खेळ. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो आणि जुन्या लॅपटॉपलाही झेपतो. एका सर्व्हरवर १५पर्यंत कंपन्या चालतात, आणि एकाच कंपनीत अनेक जण मिळूनही खेळू शकतात. नवख्यांसाठी मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. एकाने रूळ टाकायचे, दुसऱ्याने सिग्नल लावायचे.

आणखी एक कारण तांत्रिक आहे. या गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या कॉम्प्युटरवर संपूर्ण जग स्वतंत्रपणे चालत असतं. नेटवरून जातात त्या फक्त आज्ञा: इथे रूळ टाकला, तिथे गाडी विकत घेतली. त्यामुळे खेळताना डेटा अगदी थोडा लागतो, आणि पिंग (निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त असलं तरी फक्त क्लिकचा परिणाम किंचित उशिरा दिसतो. नेमबाजीच्या गेममध्ये २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मरण, इथे तो जाणवतही नाही. पण याच रचनेमुळे एक अट येते. सगळ्यांकडे गेमची अगदी तीच आवृत्ती हवी, आणि नव्या गाड्यांचे किंवा इमारतींचे जोडसंच वापरत असाल तर तेही तेच हवेत. आवृत्तीत जरासा फरक असला तरी सर्व्हर आत घेत नाही. खेळायला बसण्याच्या आदल्या दिवशी ग्रुपवर आवृत्तीचा आकडा टाकून सगळ्यांकडून खात्री करून घ्या.

राउटरला हात लावण्याआधी

बहुतेक मार्गदर्शक थेट पोर्ट फॉरवर्डिंगपासून सुरू होतात, म्हणजे राउटरच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आलेली जोडणी आपल्या कॉम्प्युटरकडे वळवण्यापासून. आपल्याकडे तसं केलं तर पूर्ण संध्याकाळ वाया जाऊ शकते, कारण अनेक घरांना स्वतःचा सार्वजनिक, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा, आयपी पत्ता मिळालेलाच नसतो.

आयपीव्ही४ ही पत्त्यांची जुनी पद्धत, तिचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाच्या साठ्याला २०११च्या एप्रिलमध्येच शेवटची घरघर लागली. त्यानंतर ज्यांनी लाखो ग्राहक जोडले, त्या इंटरनेट कंपन्यांनी एकेक सार्वजनिक पत्ता अनेक घरांमध्ये वाटायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या सोसायटीचा पत्ता एकच, पण गेटवरच्या वॉचमनकडे तुमच्या फ्लॅटची नोंदच नाही, तशी ही अवस्था. तुम्ही बाहेर जाऊ शकता, तुम्ही मागवलेलं उत्तर परतही येतं, पण बाहेरून आपणहून आलेला पाहुणा तुमच्या दारापर्यंत पोचत नाही. हे गेट कंपनीच्या ताब्यात असतं, त्यामुळे तुमच्या राउटरमध्ये काहीही बदललं तरी फरक पडत नाही.

तपासणं सोपं आहे. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर पासवर्डसकट लिहिलेला असतो. (आकडे मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अंक वापरा.) त्या पानावर स्टेटस किंवा इंटरनेट या भागात वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) दिसेल, तो टिपून घ्या. मग ‘माझा आयपी काय’ सांगणारी कुठलीही वेबसाइट उघडून तिथला आयपीव्ही४ पत्ता बघा. दोन्ही जुळले तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे, पुढे चला.

जुळले नाहीत तर वॅन आयपीची सुरुवात बघा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट नक्की, कारण तो पट्टा त्यासाठीच राखून ठेवला आहे. पहिल्या टिंबाआधीचा आकडा १० असेल तरी बहुधा तेच. १९२.१६८ने सुरू होत असेल तर मात्र घरातच दोन राउटर एकामागोमाग लागलेले असू शकतात: फायबरवाल्याने दिलेला डबा, आणि त्याच्यापुढे तुम्ही स्वतः आणलेला वायफाय राउटर. अशा वेळी फायबरच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (त्याचं राउटरचं काम बंद करून) टाकून मिळतं का ते नेटवाल्याला विचारा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आयपीव्ही४ने होस्ट करायचा, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचा, विचार सोडून द्या, मोबाइल नेटवर्कवर सीजीनॅट जवळपास सगळीकडे आहे.

ही तपासणी ग्रुपमधल्या प्रत्येकाने करावी. होस्ट निवडताना लोक सर्वांत तगडा कॉम्प्युटर कुणाकडे आहे ते बघतात. माझं मत आहे की ज्याच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे त्याने होस्ट व्हावं, मग त्याचा लॅपटॉप साधा का असेना. जोडणाऱ्यांना सार्वजनिक पत्ता लागत नाही, तो फक्त होस्टला लागतो. सातजणांत एकाकडे जरी असला तरी सगळ्यांचं काम झालं.

कुणाकडेच नसेल आणि नियमित खेळायचं असेल तर नेट देणाऱ्याकडे स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागता येतो. त्याचे वेगळे पैसे पडतात. गावातल्या केबलवाल्याकडून नेट असेल तर आधी फोन करून नीट विचारा. काही वेळा नुसती विनंती केल्यावरही सीजीनॅटमधून बाहेर काढतात. ‘गेम’ म्हणण्याऐवजी ‘घरातला कॅमेरा बाहेरून बघायचाय, सार्वजनिक आयपी हवाय’ असं सांगितलं की समोरच्याला मागणी पटकन कळते, कारण डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) लावणारे लोक हेच मागत असतात. कॅमेरा खरोखर असेल तर तसं सांगा.

घरातली तयारी

आता सार्वजनिक पत्ता आहे असं धरू. तीन कामं आहेत, आणि ती याच क्रमाने करावीत.

पहिलं, ज्या कॉम्प्युटरवर गेम होस्ट करणार त्याचा घरातला पत्ता पक्का करा. राउटर प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.७ असा काही तरी पत्ता देतो आणि तो नंतर बदलूही शकतो. राउटरच्या डीएचसीपीच्या (घरातले पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. तिथे आपला कॉम्प्युटर निवडून त्याला एक पत्ता राखून ठेवा. ही पायरी गाळली तर आज चालणारा गेम पुढच्या आठवड्यात चालत नाही, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं, पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरप्रमाणे याचं नाव बदलतं. कुठे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, कुठे ‘व्हर्च्युअल सर्व्हर’, कुठे ते ‘नॅट’ या भागात लपलेलं असतं. नवा नियम तयार करा: बाहेरचा पोर्ट ३९७९, आतला पोर्ट ३९७९, आतला आयपी म्हणजे तुम्ही नुकताच राखलेला पत्ता, प्रोटोकॉल टीसीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, दुसरी यूडीपी). सेव्ह करा. कोणी सल्ला दिला की ‘कॉम्प्युटर सरळ डीएमझेडमध्ये टाक, सगळं चालतं’, तर ऐकू नका. डीएमझेड म्हणजे त्या कॉम्प्युटरचे सगळेच पोर्ट जगाला उघडे. आपल्याला एकच दार उघडायचं आहे.

तिसरं, फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारा. विंडोजवर गेम पहिल्यांदा नेटवर्क वापरायला लागला की परवानगीची खिडकी येते. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं तर विंडोज त्या गेमला अडवणारा नियम कायमचा करून ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. तसं झालं असेल तर विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्या अ‍ॅपांची यादी उघडा, ओपनटीटीडी शोधा आणि प्रायव्हेट-पब्लिक दोन्हीवर खूण करा. वेगळा अँटिव्हायरस घेतला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, तिथेही बघा.

गेम सुरू करणं

मुख्य पडद्यावर मल्टिप्लेअर निवडा. वरच्या रकान्यात आपलं नाव टाका, ते टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग ‘स्टार्ट सर्व्हर’. सर्व्हरला नाव द्या, पासवर्ड द्या (हा चुकवू नका), किती खेळाडू आणि किती कंपन्या ते ठरवा. व्हिजिबिलिटीमध्ये तीन पर्याय असतात. ‘लोकल’ म्हणजे सर्व्हर कुठेही नोंदवला जात नाही, फक्त पत्ता ठाऊक असलेलेच येतील. ‘पब्लिक’ म्हणजे जगभरच्या यादीत नाव येणार. मधला ‘इन्व्हाइट ओन्ली’ मला सगळ्यांत उपयोगी वाटतो, आणि त्याचं कारण एक छान सोय आहे.

२०२१च्या १२.० आवृत्तीपासून ओपनटीटीडीचा स्वतःचा एक समन्वयक सर्व्हर आहे. तुम्ही ‘इन्व्हाइट ओन्ली’ निवडलंत की तो बाहेरून तुमच्यापर्यंत पोचता येतं का ते तपासतो. गेम सुरू झाल्यावर ऑनलाइन खेळाडूंची खिडकी उघडा. तिथे कनेक्शनच्या प्रकारापुढे ‘पब्लिक’ दिसलं तर पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर झालं आहे. ‘बिहाइंड नॅट’ दिसलं तर थेट येता येत नाही, पण वाट काढता येते. ‘व्हाया रिले’ म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फतच जोडता येईल. तपासणीसाठी वेगळ्या वेबसाइटवर जायची गरजच उरत नाही. दुसऱ्या गेमांसाठी पोर्ट तपासणाऱ्या साइट वापराव्या लागतात, पण त्या वापरताना गेम चालू हवा. ऐकणारा प्रोग्रॅम बंद असेल तर उघडलेला पोर्टही बंदच दिसतो.

त्याच खिडकीत अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा एक इन्व्हाइट कोडही असतो. तो मित्रांना पाठवला तर आयपी पत्ता सांगावाच लागत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी कोड तोच राहतो. घरचा सार्वजनिक पत्ता बहुधा बदलता असतो: लाइट गेली, राउटर बंद होऊन सुरू झाला, की नवा पत्ता. दर शनिवारी ग्रुपवर नवा पत्ता टाकायचा वैताग या कोडमुळे वाचतो.

जोडणाऱ्यांसाठी

जोडणं अगदी थोडक्यात आटपतं. मल्टिप्लेअरमध्ये ‘अ‍ॅड सर्व्हर’ दाबा, होस्टने दिलेला आयपी पत्ता किंवा कोड टाका. पोर्ट ३९७९च असेल तर वेगळा लिहायची गरज नाही, दुसरा असेल तर पत्त्यानंतर अपूर्णविराम देऊन लिहा. यादीत सर्व्हर दिसला की निवडून ‘जॉइन गेम’ दाबा, पासवर्ड टाका. आत आल्यावर खेळाडूंच्या खिडकीतून स्वतःची कंपनी काढा किंवा चालू कंपनीत सामील व्हा.

आत येताना सगळा नकाशा होस्टकडून उतरवला जातो. तेवढ्या वेळात सगळ्यांचा खेळ थांबतो, घाबरू नका. या एका क्षणी होस्टचा अपलोड वेग महत्त्वाचा ठरतो. नकाशा प्रचंड मोठा निवडला असेल तर ही वाट पाहणी लांबते, म्हणून पहिल्या खेपेला २५६ बाय २५६चा नकाशा पुरे.

होस्टच्याच घरात, त्याच वायफायवर दुसरा खेळाडू असेल तर त्याने सार्वजनिक पत्ता वापरू नये. आपल्याच बाहेरच्या पत्त्यावरून वळून आत येणं बऱ्याच राउटरना जमत नाही. त्याने १९२.१६८ने सुरू होणारा घरातला पत्ता टाकावा. याच कारणामुळे होस्टने स्वतःच्या वायफायवरून केलेली चाचणी ग्राह्य धरू नये. चाचणी करायचीच तर दुसरा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला लावून करा.

जमत नसेल तर

आधी बिघाडाचा प्रकार ओळखा. बराच वेळ वाट पाहून जोडणी तुटते का लगेच नकार येतो, यात मोठा फरक आहे. वाट पाहून तुटली तर निरोप वाटेतच कुठेतरी गिळला जातोय: सीजीनॅट, चुकीचा फॉरवर्डिंगचा नियम, नाहीतर फायरवॉल. लगेच नकार आला तर निरोप कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचलाय, पण त्या पोर्टवर गेम ऐकत नाही. गेम सुरूच झालेला नसेल किंवा नियम भलत्याच कॉम्प्युटरकडे बोट दाखवत असेल. आत येऊन थोड्या वेळाने एखादाच माणूस बाहेर फेकला जात असेल, तर बहुधा त्याचा कॉम्प्युटर मागे पडतोय किंवा त्याचं नेट अडखळतंय. होस्टने सेटिंगशी खेळत बसू नये.

सीजीनॅटच्या मागे अडकलेल्यांसाठी तीन वाटा आहेत. ओपनटीटीडीत पहिली आपोआप घडते. कोडने जोडताना समन्वयक दोन्ही बाजूंना एकमेकांचे बाहेरचे पत्ते सांगतो आणि दोघे एकाच वेळी एकमेकांकडे निघतात. दोन्हीकडच्या राउटरना वाटतं की ही आपल्याच माणसाने सुरू केलेली जोडणी आहे, आणि ते आत सोडतात. हे दरवेळी साधत नाही. नाही साधलं तर गेम विचारतो की मधल्या रिलेमार्फत जोडू का. ‘हो’ म्हणायला हरकत नाही.

दुसरी वाट आयपीव्ही६, पत्त्यांची नवी पद्धत. भारत आयपीव्ही६च्या वापरात जगात पुढच्या देशांत आहे, आणि जिओसारख्या नेटवर्कचा त्यात मोठा वाटा आहे. इथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, फॉरवर्डिंगचा प्रश्नच येत नाही. फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी ३९७९ उघडावा लागतो. काही राउटरांत ती सेटिंगच दिलेली नसते, तिथे ही वाट संपते. विंडोज एकाच वेळी अनेक आयपीव्ही६ पत्ते बाळगतं. त्यातला ‘टेंपररी’ लिहिलेला पत्ता देऊ नका, तो काही काळाने बदलतो. आणि जोडणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं. पत्ता टाइप करताना तो चौकटी कंसात लिहायचा आणि पोर्ट कंसाबाहेर.

तिसरी वाट म्हणजे टेलस्केल, झिरोटियर किंवा हमाचीसारखं आभासी खासगी नेटवर्क. सगळ्यांनी ते बसवायचं, एकाच नेटवर्कमध्ये यायचं, मग गेमला वाटतं की सगळे एकाच घरात आहेत. हमाचीत फुकट नेटवर्कला पाच कॉम्प्युटरांची मर्यादा आहे. टेलस्केल जे पत्ते देतं तेही १००.६४ ते १००.१२७ याच पट्ट्यातले असतात, त्यामुळे ते पाहून सीजीनॅटचा गोंधळ करून घेऊ नका. ज्या गेममध्ये ओपनटीटीडीसारखी कोडची सोय नाही, तिथे मी हीच वाट सुचवेन.

बाकीच्या गेमांनाही रीत हीच, फक्त पोर्ट आणि प्रोटोकॉल बदलतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपी २५५६५, बेडरॉक यूडीपी १९१३२, टेरेरिया टीसीपी ७७७७, फॅक्टोरियो यूडीपी ३४१९७, हॉस्टेलांमध्ये अजूनही चालणारा काउंटर-स्ट्राइक १.६ यूडीपी २७०१५. टीसीपीच्या जागी यूडीपी निवडणं ही फॉरवर्डिंगमधली नेहमीची चूक आहे.

परदेशातल्या मंडळींसह

मामेभाऊ न्यू जर्सीत आणि मैत्रीण कॅलिफोर्नियात असेल तर अंतराला इलाज नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात २००च्या वर पिंग असणं नेहमीचं आहे. ओपनटीटीडीला ते चालतं. वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात आपले रात्रीचे ९ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे ११:३० आणि कॅलिफोर्नियात ८:३०. शनिवार-रविवारी हे गणित सगळ्यांना जमतं. हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, ते लक्षात ठेवा.

खेळ संपल्यावर

पासवर्ड आणि पत्ता कधीही उघड्या ग्रुपवर टाकू नका. आयपी पत्त्यावरून तुमची नेट कंपनी आणि साधारण शहर कळतं, आणि कुणी खोडसाळपणे त्या पत्त्यावर भरमसाट ट्रॅफिक सोडून घरचं नेट लुळं करू शकतो. गेम नेहमी ताज्या आवृत्तीवर ठेवा. पुढचे काही आठवडे खेळणार नसाल तर राउटरमधला नियम बंद करून ठेवा, पुसायची गरज नाही.

होस्टने गेम बंद केला की सगळ्यांचाच खेळ थांबतो, म्हणून आधी सांगा आणि सेव्ह करा. पुढच्या वेळी ‘स्टार्ट सर्व्हर’च्या खिडकीत नव्या नकाशाऐवजी ‘लोड गेम’ निवडलं की तेच जग पुढे सुरू होतं. जोडलेल्या खेळाडूंनाही आपापल्या कॉम्प्युटरवर सेव्ह करता येतं, आणि ते प्रत्येकाने करावं. होस्टचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला, परीक्षा आली, की ती फाइल घेऊन सार्वजनिक पत्ता असलेला दुसरा कुणीही त्याच संध्याकाळी सर्व्हर उघडू शकतो. नवा होस्ट आपला कोड ग्रुपवर टाकेल, बाकीच्यांनी तो ‘अ‍ॅड सर्व्हर’मध्ये भरायचा.